होन, द्रम्म आणि रामदरबार: नाण्याआधी विकणारा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फेसबुकवरच्या जुन्या नाण्यांच्या एका ग्रुपमध्ये एका विक्रेत्याने तुम्हाला तीन नाणी दाखवलीत. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन १८ हजारांना, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छापलेला, क्षत्रप राजा नहपानाचा चांदीचा द्रम्म दीड हजाराला, आणि ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं रामदरबाराचं नाणं ५ हजारांना. वाडा पाडताना भिंतीत सापडली म्हणतो. होनासोबत 'सर्टिफिकेट' देणार आहे. तुम्ही २ हजार रुपये टोकन देऊन बसला आहात आणि फोटो पाठवून विचारताय, नाणी खरी आहेत का?

मोबाइलवरच्या फोटोवरून नाणं खरं असल्याचं कुणीही छातीठोकपणे सांगू नये, आणि जो सांगेल त्याच्यापासून चार हात लांब राहावं. खोटं आहे हे मात्र फोटोवरून पुष्कळदा कळतं. आणि विकणारा कसा आहे, हे तर नाण्यापेक्षा कितीतरी लवकर कळतं. म्हणून मी आधी दुकान बघतो, नाणं नंतर. तुम्हीही त्या माणसाच्या प्रोफाइलवर जा आणि गेल्या काही महिन्यांत त्याने काय काय विकायला काढलंय ते खालपर्यंत बघत जा.

खऱ्या नाणेवाल्याचा माल बघायला कंटाळवाणा असतो. झिजून गुळगुळीत झालेल्या शिवराया (मराठ्यांचे तांब्याचे पैसे), निम्मी अक्षरं बाहेर गेलेले मोगल रुपये, गायकवाडी पैसे, व्हिक्टोरियाचे पाव आणे ढिगाने, आणि अधूनमधून एखादं बरं नाणं. कारण बाजारात माल येतोच तसा: लॉटमध्ये, सराफाच्या मोडीतून, वारलेल्या संग्राहकाच्या घरच्यांकडून. त्यात नव्वद टक्के भरणा साध्याचा असतो आणि तोही विकावाच लागतो. संशयित दुकानात सगळे नायकच. होन आहे, समुद्रगुप्ताची वीणावादक मुद्रा आहे, जहांगीरची राशीची मोहर आहे, अकबराचं राम-सीतेचं चित्र असलेलं रामसीय आहे. मोठमोठ्या संग्रहालयांनी जी जपून ठेवलीत ती सगळी एकाच टेबलावर, एकाच रेक्झिनच्या तुकड्यावर, एकाच झळाळीची. आठवड्याने पुन्हा तेवढीच. पाटणा, मथुरा आणि रायगड एकाच माणसाच्या एकाच भिंतीत सापडत नाहीत.

आता तुमच्या तिघांकडे येऊ. सोपी दोन आधी.

रामदरबाराचं नाणं हे नाणंच नाही. १८१८ साली कंपनीने राम, सीता, हनुमान यांचं कुठलंही नाणं पाडलं नव्हतं. कंपनीच्या सगळ्या मुलखाला एकच चलन आलं ते १८३५ मध्ये, चौथ्या विल्यमचा मुखवटा घेऊन. त्याआधी प्रत्येक इलाख्याची टाकसाळ वेगळी, आणि बहुतेक रुपया मोगल बादशहाच्या नावाने फारसीतच पडायचा. ह्या रामदरबारी बिल्ल्यांवर 'वन आना' असं लिहिलेलं असतं. कंपनीच्या तांब्याच्या नाण्यांत सगळ्यात मोठं अर्ध्या आण्याचं होतं. एक आण्याचं नाणं आलं ते विसाव्या शतकात, कंपनीचं राज्य जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाल्यावर. हनुमान, कमळ, दिवा, ॐ असे ह्याचे बरेच प्रकार आहेत आणि १६१६, १७१७, १८१८, १८३९ असे सोयीचे आकडे त्यांवर टाकलेले असतात. यात्रेच्या ठिकाणी किरकोळ भावाने मिळणारी वस्तू आहे ती. देवघरात ठेवायला घेतली तर हरकत नाही. पण हिचे ५ हजार मागणाऱ्याला दोनच गोष्टी लागू पडतात: एकतर त्याला नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही, किंवा चांगलंच कळतं. दोन्ही परिस्थितीत त्याच्याकडचा होन घेण्यात अर्थ नाही.

ह्याच बिल्ल्यांना चुंबकाची आणि तांदळाचीही गोष्ट चिकटते. नाण्यावर वीज पडली होती, म्हणून ते तांदूळ ओढतं, त्यात इरिडियम आहे, परदेशी कंपनी कोट्यवधींना घेणार आहे, फक्त 'टेस्टिंग'चा खर्च तुम्ही भरा. राइस पुलर म्हणून पोलिसांच्या दप्तरी ही फसवणूक जुनी आहे, आपल्याकडेही टोळ्या पकडल्या गेल्यात. तुमच्या विक्रेत्याने अजून तांदूळ काढले नाहीत, एवढंच.

होनाचा हिशेब वहीत मांडून बघा. महाराजांचा होन साधारण पावणेतीन ग्रॅमचा. ओळखीच्या सराफाला फोन करून आजचा भाव विचारा आणि पावणेतीनने गुणा. १८ हजार हे नुसत्या सोन्याच्या मोलापेक्षा खाली भरतंय ना? म्हणजे हा माणूस तुम्हाला १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेली वस्तू मोडीपेक्षा स्वस्त देतोय. खरे होन मोजके आहेत. लिलावात एखादा आला की बोली लाखांत जाते आणि नाण्यांचा नाद नसलेल्यांनाही त्याची बातमी कळते. वाड्याच्या भिंतीत ज्याला खरोखर होन मिळाला तो तुम्हाला इनबॉक्समध्ये गाठणार नाही.

प्रतिकृती मात्र उदंड आहेत, आणि त्यात वाईट काही नाही. गडांवर, शिवजयंतीच्या स्टॉलवर, राज्याभिषेकाच्या सोहळ्याला पितळेचे, चांदीचे, सोन्याचा मुलामा दिलेले होन उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकले जातात. दुसरा-तिसरा हात लागला की त्यातलं 'प्रतिकृती' तेवढं गळून पडतं. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अशा नकलेवर 'कॉपी' असा ठसा सक्तीचा आहे. आपल्याकडच्या स्मरणवस्तूंवर तो बहुधा नसतोच.

फोटोत अक्षरं मोठी करून पाहा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. प्रतिकृतीत हे ठिपके सगळे सारखे, सारख्या अंतरावर, आणि अक्षरं संगणकातल्या फाँटसारखी सरळ उभी. हाताने कोरलेल्या ठशात 'रा'चा काना कुठे जाड कुठे बारीक होतो, ठिपके एकमेकांना चिकटतात, एखादा सुटतो. तांब्याच्या शिवराईत तर आणखी एक खूण आहे: ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे अक्षरं कुठल्यातरी बाजूने बाहेर जातात. गोल चकतीवर अख्खा मजकूर, अख्खं वर्तुळ आणि मधोमध बसलेला शिक्का दिसला, की मी तरी हात मागे घेतो. अशी सुबक खरी शिवराई नसतेच असं नाही, पण ती असली तर तिच्या भावावरून कळते. साधी झिजकी शिवराई आजही काही शे रुपयांत मिळते; पेशवाईत आणि त्यानंतरही ती पाडली जात होती, चालत होती, त्यामुळे नग पुष्कळ आहेत. काही शेच्या मालाची कोण कशाला नक्कल करील, असं वाटतं. पण 'महाराजांच्या हयातीतली, रेअर व्हरायटी' अशी पाटी लावली की तीच शिवराई हजारांत जाते.

जाता जाता: महाराजांच्या कुठल्याही नाण्यावर महाराजांचं चित्र नाही. चित्र असलेलं नाणं भारत सरकारने १९९९ मध्ये काढलं, दोन रुपयांचं. तेसुद्धा 'दुर्मिळ' म्हणून विकायला येतं.

खरा प्रश्न आहे तो द्रम्माचा, कारण दीड हजार हा त्याचा भाव वेडावाकडा नाही. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा हंडा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांतली नऊ हजारांहून जास्त गौतमीपुत्राने आपला ठसा मारून पुन्हा चालवलेली. शत्रूला हरवलं आणि त्याच्या पैशावर आपलं नाव छापलं. महाराष्ट्राच्या इतिहासातला इतका मोठा प्रसंग चांदीच्या एवढ्याशा तुकड्यावर हातात धरता येतो, म्हणून ह्या नाण्याला आपल्याकडे कायम गिऱ्हाईक असतं. संख्या बरी असल्याने झिजका खरा नग फार महागही नसतो. आणि म्हणूनच ठगाला तो उपयोगी. होनाची किंमत ऐकून तुम्ही सावध व्हाल, द्रम्माची ऐकून होणार नाही.

ह्या नाण्याच्या मूळ रूपात एका बाजूला नहपानाचा उजवीकडे बघणारा चेहरा आणि भोवती बिघडलेल्या ग्रीक अक्षरांची ओळ. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत राजाचं नाव. गौतमीपुत्राने त्यावर एकीकडे तीन कमानींचा डोंगर आणि आपलं नाव मारलं, दुसरीकडे चार गोलांचं उज्जैन चिन्ह. आता भिंग घ्या, किंवा फोटो फुटेस्तोवर मोठा करा, आणि डोंगराची रेघ नहपानाच्या गालाला जिथे छेदते ती जागा बघा. खऱ्या नाण्यात वरचा ठसा हातोड्याने बसलाय. त्याने खालची चांदी दाबली, ढकलली. डोंगराची रेघ उठून दिसते, तिच्या लगतचा गाल चपटा झालेला असतो, आणि जरा लांब नाकाचा शेंडा किंवा दोन-चार ग्रीक अक्षरं तशीच शिल्लक राहतात. एक काम आधीचं आणि एक नंतरचं, हे डोळ्यांना कळतं. ओतीव नकलेत दोन्ही एकाच दमात साच्यातून निघालेली असतात. रेघ आणि गाल जिथे भेटतात तिथे कोपरा न दिसता गोलाई दिसते, साबणाची वडी चार दिवस वापरल्यावर तिच्यावरचं नाव दिसतं तशी. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, हवेचे बुडबुडे. कडेला साच्याच्या सांध्याची बारीक रेघ, किंवा ती लपवायला फिरवलेली कानस.

इथे एक सावधगिरी. 'ओतीव म्हणजे नकली' हे सूत्र सरसकट लावू नका. आपल्याकडची काही फार जुनी तांब्याची नाणी मुळातच साच्यात ओतलेली आहेत, आणि सातवाहनांच्या पोटीन (तांब्याचा एक मिश्रधातू) व शिशाच्या नाण्यांचा पृष्ठभाग खऱ्यातही खडबडीत, सुजल्यासारखा दिसतो. ज्या नाण्याला ठसा मारायचे त्यात ओतल्याच्या खुणा दिसल्या, तर शंका. म्हणजे आधी ते नाणं मुळात बनायचं कसं, हे माहीत असावं लागतं.

ह्याहून पक्की खूण म्हणजे जुळी. हाताने ठसा मारलेली दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण दोघांचा शिक्का तेवढाच सरकलेला, कडेची चीर त्याच जागी, चकतीचा आकार तसाच तिरपा, हे होत नाही. चकती प्रत्येकाची वेगळी, घाव वेगळा. तेव्हा तुमच्या द्रम्माची कड बोटाने गिरवल्यासारखी नीट लक्षात ठेवा: कुठे सपाट, कुठे खाच. मग त्या विक्रेत्याच्या जुन्या पोस्ट, इतर ग्रुप, लिलावांचे जुने कॅटलॉग, झेनोसारखा पौर्वात्य नाण्यांचा डेटाबेस चाळा. त्याच आकाराचं, त्याच चिरेचं दुसरं नाणं दिसलं तर दोघांपैकी किमान एक नकली आहे. आणि दोन्ही एकाच माणसाकडे असली तर तुम्हाला अधिक विचार करायची गरज नाही. झेनोवर नकली नाण्यांचेही फोटो आहेत, ते खऱ्यांपेक्षा जास्त बघावेत.

दुसरी शक्यता, की फोटो खऱ्या नाण्याचा आहे आणि नाणं त्याच्याकडे नाही. गूगल लेन्सवर टाकून बघा. पुष्कळदा तो फोटो एखाद्या लिलावगृहाच्या कॅटलॉगमधून उचललेला निघतो. लेन्सला चकवायला काहीजण फोटो आरशासारखा उलटा करतात. 'श्री' उलटी दिसली की आपल्या लक्षात येतं, ब्राह्मी किंवा फारसी उलटी झालेली पटकन कळत नाही. म्हणून नहपान उजवीकडे बघतोय ना, एवढं आधी पाहा. तो डावीकडे बघत असेल तर फोटो उलटा केलाय किंवा नाणं बनवणाऱ्याने साचा उलटा केलाय.

ह्या सगळ्यावर एक सोपा उतारा आहे, आणि तो मी अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो: कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहा, नाणं त्यावर ठेवा, आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मग एक कडेचा, नाणं उभं धरून. मग एक वजनकाट्यावरचा, आकडा दिसेल असा. खरा विक्रेता कुरकुर करेल, पण पाठवेल. बाकीच्यांची उत्तरं ठरलेली: 'दादा, माल लॉकरमध्ये आहे', 'कॅमेरा खराब झालाय', 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, घ्यायचं तर आज घ्या', आणि सगळ्यात आवडतं, 'विश्वास नसेल तर राहू द्या'.

वजनाचं महत्त्व लोक विसरतात. मोगल रुपया साडेअकराच्या जरा आत-बाहेर, कंपनीचा १८३५ चा रुपया ११.६६ ग्रॅम, नहपानाचा द्रम्म दोन-अडीच ग्रॅमच्या दरम्यान. झीज झाली तर वजन घटतं, वाढत कधीच नाही. विक्रेता वजन लिहीतच नसेल, तर त्याला ते लिहायचं नाहीये. नाव, राजा, टाकसाळ, वजन, व्यास आणि एखादा कॅटलॉग क्रमांक हे ज्याला येतं तो ते लिहिल्याशिवाय राहत नाही, कारण जाणकार गिऱ्हाईक त्यावरच येतं. आणि ज्याच्या वर्णनात 'अशोककालीन सोन्याचं नाणं' असतं त्याला हे कळत नाही, की अशोकाच्या नावाचं नाणं सापडलेलंच नाही. त्या काळात चालायची ती आहत नाणी, चांदीच्या तुकड्यांवर पाच चिन्हं उमटवलेली, नावगाव नसलेली.

नाणं हातात आल्यावर घरच्या घरी एक परीक्षा होते, विशिष्ट गुरुत्वाची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा काही शे रुपयांत मिळतो. आधी नाणं तोला. मग पाण्याचा लहान ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात असं सोडा की पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही. दिसेल तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागा. ११.४ ग्रॅमच्या मोगल रुपयाला १.०९ आलं तर उत्तर साडेदहाच्या जवळ, म्हणजे चांदी. जर्मन सिल्व्हरचा असेल तर १.३ च्या आसपास येईल आणि भागाकार पावणेनऊवर घसरेल. होनाला तर हे फारच उघड: पावणेतीन ग्रॅम सोनं ०.१४ दाखवतं, तेवढंच पितळ ०.३२.

पण ह्या परीक्षेवर फार भिस्त ठेवू नका. २.२ ग्रॅमच्या द्रम्माला ०.२० आलं तर उत्तर ११, ०.२२ आलं तर १०. काट्याची चूक तेवढी असतेच, त्यामुळे भेसळ कळायला हा काटा पुरत नाही. आणि धातू खरा म्हणजे नाणं खरं, असं तर मुळीच नाही. झिजके जुने रुपये वितळवून, त्याच चांदीवर नवे ठसे मारून 'प्राचीन' नाणी बनतात. ती वजनाला उतरतात, पाण्यात उतरतात, सराफाच्या कसोटीलाही उतरतात. सराफ धातू सांगतो, काळ सांगत नाही.

हिरवट रंग आणि माती बघूनही भुलू नका. शतकानुशतकं जमिनीत राहिलेल्या तांब्यावरचा थर घट्ट असतो, अक्षरांच्या खोबणीत आणि वर सारखा बसलेला. रसायनाने आणलेला हिरवा पावडरसारखा बोटाला लागतो. माती डिंकात कालवून लावलेली असेल तर ॲसिटोनमध्ये ठेवल्यावर सुटते. धातूला त्याने काही होत नाही. लिंबू, चिंच, पितांबरी मात्र नाण्याला कधीही लावू नका, मग ते खरं असो की खोटं.

सर्टिफिकेटबद्दल. परदेशी ग्रेडिंग कंपन्या नाणं प्लास्टिकच्या डबीत सील करून क्रमांक देतात. तो क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून, तिथला फोटो आणि आपल्यासमोरचं नाणं जुळतंय का ते बघायचं. डब्यासुद्धा नकली येतात, त्यामुळे क्रमांक सापडणं पुरेसं नाही, नाणं जुळायला हवं. ह्याखेरीज जे येतं ते बहुतेक रंगीत प्रिंटआऊट: सिंह, अशोकचक्र, 'गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड', शाईचा शिक्का. पुरातत्त्व खात्याचा दाखला म्हणून दाखवत असतील तर तो नीट वाचा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण 'ही वस्तू पुरावस्तू नाही' असा दाखला देतं, वस्तू परदेशी न्यायची असली की तो लागतो. होनासोबत कुणी तो जोडला तर त्याचा अर्थ, होन शंभर वर्षांचाही नाही, असं सरकारनेच लिहून दिलंय.

आता त्या भिंतीची गोष्ट. शेतात हंडा, वाड्याच्या भिंतीत मडकं, विहिरीच्या गाळात पेटी, ही विक्रेत्यांची लाडकी कहाणी आहे. तिने गिऱ्हाईक विरघळतं. पण १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं जे काही सापडेल, त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. न सांगता परस्पर विकणं गुन्हा आहे. म्हणजे तुमचा विक्रेता खरं बोलत असेल तर तुम्ही गुन्ह्यातला माल घेताय, आणि खोटं बोलत असेल तर नकली.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते बाळगायला, संग्रह करायला हरकत नाही. धंदा म्हणून विकायचं तर परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा परवाना क्रमांक आणि पक्कं बिल मागा. लाजू नका. बिलावर 'अँटिक कॉईन' एवढंच नको, नाण्याचं पूर्ण वर्णन आणि 'नकली निघाल्यास पैसे परत' हे लिहून हवं. चांगले विक्रेते ही हमी मुदत न घालता देतात. 'हौशी संग्रह, मला माहिती नाही, आजोबांचं आहे, परत घेणार नाही' असं लिहिणाऱ्याने आपली सुटका आधीच करून ठेवलेली असते.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखातात असलेल्या मराठी मंडळींनाही हे लागू आहे. ऑनलाइन लिलावात 'भारतातून पाठवू' म्हणणाऱ्याचं दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं दिसलं, तर तो एकतर कायदा मोडून पाठवतोय किंवा मोडत नाहीये, कारण नाणं गेल्या वर्षीचं आहे. दुसरंच अधिक वेळा खरं असतं. तिकडे घ्यायचं तर जुन्या संग्रहातून आलेलं, आधीच्या लिलावाची नोंद असलेलं घ्यावं.

ग्रुपच्या वागण्याकडेही एक नजर टाका. तुम्ही उघड कमेंटमध्ये वजन विचारलं तर ती कमेंट उडते का? 'काय पीस आहे!' म्हणणाऱ्यांची खाती गेल्या महिन्यातली आहेत का? ॲडमिन आणि विक्रेता एकच आहे का? ग्रुपचं जुनं नाव उघडून बघितलं तर तो आधी गाड्यांचा किंवा नोकरीचा ग्रुप होता, असंही निघतं.

आणि ह्याच माणसांचा उलटा धंदाही असतो: 'तुमचं वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं आम्ही लाखाला घेतो.' ते नाणं २०१२ चं, कुणाच्याही गल्ल्यात सापडेल असं. घ्यायचं सोंग करून आधी नोंदणी फी, मग कर, मग 'रिझर्व्ह बँकेचं कमिशन' मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलंही कमिशन घेत नाही. पैसे मिळायचे आहेत म्हणून क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्या. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही.

नाणी घ्यायचीच आहेत, आणि घ्यावीत, तर मुंबई-पुण्यातल्या कॉईन फेअरला जा, परवाना असलेल्या माणसाकडून दोन-तीनशेची शिवराई घ्या, बिल घ्या. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. खरा द्रम्म काचेतून का होईना, सावकाश बघून या. डोळा बसायला तेवढं लागतं.

राहिले तुमचे २ हजार. उरलेले पैसे पाठवू नका. 'इन्शुरन्स', 'कुरिअर क्लिअरन्स' म्हणून तो आता आणखी मागेल, तेही नाही. त्याला काही बोलण्याआधी सगळ्या चॅटचे, प्रोफाइलचे, प्रोफाइलच्या लिंकचे, नाण्यांच्या पोस्टचे आणि यूपीआयच्या व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट घ्या, कारण त्याला संशय आला की तो तुम्हाला ब्लॉक करणार आणि मग तुमच्या हातात काही राहणार नाही. मग तारीख लिहिलेल्या कागदावरचा, कडेचा आणि वजनाचा असे फोटो मागा, किंवा टोकन परत मागा. संध्याकाळपर्यंत टाळाटाळ झाली तर सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन लावा, सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर गोठवले जाण्याची आशा असते, म्हणून रविवारची वाट बघू नका. आणि नाणं आधीच कुरिअरने निघालं असेल, तर पार्सल उघडताना पहिल्या कापापासून शेवटपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा, पत्त्याची चिठ्ठी आधी दाखवून.